गोळीआधीचा प्रश्न

परवा आईनं मल्टिव्हिटामिनची बाटली माझ्या हातात ठेवली. वैशाखात माझं लग्न आहे. "रोज एक घेत जा. अंगात जरा ताकद येऊ दे," ती म्हणाली. बाटली तिचीच होती, निम्मी भरलेली. ती तिनं अर्ध्यावर का सोडली, हे आम्हा दोघींनाही चांगलं माहीत होतं.

आम्ही सांगलीत विश्रामबागेत राहतो. आई तीन वर्षं ही गोळी रोज न चुकता घेत होती. कुणी डॉक्टरांनी लिहून दिली नव्हती. शेजारच्या काकू घेतात म्हणून हिनंही सुरू केली, आणि औषधाच्या दुकानात ती कुणालाही मिळते. मधल्या काळात तिच्या तळपायांना मुंग्या यायला लागल्या. तिला मधुमेह आहे, त्यामुळे घरी, दारी, अगदी दवाखान्यातही एकच उत्तर मिळायचं, शुगरमुळं होत असेल. जीवनसत्त्वांचा विषय कधी निघालाच तर आम्हीच तो मिटवायचो. गोळी चालू आहे ना रोज?

गेल्या वर्षी मिरजेच्या एका डॉक्टरांनी तिला दोन प्रश्न विचारले. तुम्ही माळकरी आहात का? मधुमेहाची गोळी कुठली घेता, किती वर्षं? आई लहानपणापासून माळकरी. घरात अंडंसुद्धा येत नाही. आणि मेटफॉर्मिन ती बारा वर्षं घेते आहे. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्यावर बी-१२ हे जीवनसत्त्व शरीरात नीट शोषलं जात नाही, आणि शाकाहारी माणसाला ते मुळातच दुधा-दह्यातून मिळेल तेवढंच. रक्त तपासलं तर बी-१२ तळाला गेलेलं. इंजेक्शनं सुरू झाली. मुंग्या कमी झाल्या, पण उजव्या पायाच्या दोन बोटांचा बधिरपणा अजून आहे.

गोळीनं आईचं नुकसान केलं असं मी म्हणत नाही. तिच्यातलं थोडंसं बी-१२ आईला पुरलं नाही, एवढंच. पण गोळी चालू असल्यामुळं आम्ही प्रश्न विचारायचा थांबलो. आता तीच बाटली माझ्या हातात आली होती. मग मी वाचायला बसले. ही सगळी जीवनसत्त्वं एका गोळीत कशी आणि कुणासाठी आली, हे मला बघायचं होतं.

मराठ्यांचा उंदीर

गोष्ट तांदळापासून सुरू होते. १८९०च्या दशकात जावा बेटावर ख्रिस्तियान आइकमन या डच डॉक्टरला दिसलं, की सडलेला पांढरा भात खाणाऱ्या कोंबड्यांना बेरीबेरीसारखा आजार होतो, आणि कोंड्यासकट तांदूळ दिला की त्या बऱ्या होतात. आजार म्हणजे शरीरात काहीतरी शिरलं, अशी तोवरची समजूत होती. काहीतरी नसल्यामुळंही आजार होतो, हे पचायला वेळ लागला. १९१२ साली कॅसिमिर फंक यांनी या नसलेल्या गोष्टींना 'व्हिटामिन' हे नाव दिलं. नाव आधी आलं. त्यातली बहुतेक रसायनं हाताला लागायला पुढची तीन दशकं गेली.

आपल्याकडे हे काम निलगिरीत कुन्नूरला चाललं होतं. रॉबर्ट मॅकॅरिसन या लष्करी डॉक्टरनं भारतातल्या वेगवेगळ्या लोकांचे आहार उंदरांच्या गटांना खायला घातले. शिखांचा आहार, पठाणांचा, मराठ्यांचा, गुरख्यांचा, कानडी, बंगाली आणि मद्रासी लोकांचा. मग कुठला उंदीर किती वाढतो ते मोजलं. कणकेची चपाती, दूध, लोणी, डाळ, कच्च्या भाज्या खाणारा शिखांचा उंदीर पहिला आला. पठाणांचा दुसरा, आणि मराठ्यांचा तिसरा. भातावर वाढलेला मद्रासी उंदीर शेवटचा. दुसऱ्या एका प्रयोगात त्यानं गरीब इंग्रज कुटुंबाचा आहार दिला, म्हणजे पांढरा पाव, मार्गारिन, जॅम, गोड चहा. ते उंदीर खुरटले, चिडखोर झाले, आणि शेवटी एकमेकांना खाऊ लागले.

मराठ्यांचा तिसरा नंबर वाचून मला आधी बरं वाटलं. मग प्रश्न पडला, कुठल्या मराठ्यांचा? माझं आजोळ माण तालुक्यात. तिथं बाजरीची भाकरी आणि कोरड्यास, म्हणजे पातळ आमटी. कृष्णाकाठी ज्वारी, भाजीपाला, म्हशीचं दूध. महाबळेश्वराच्या पायथ्याला भात आणि नाचणी. जुन्या सातारा जिल्ह्यात हे सगळं एकत्रच होतं. दक्षिण सातारा १९४९ साली वेगळा झाला आणि १९६०मध्ये त्याचं नाव सांगली ठेवलं गेलं. या सगळ्यांचा मिळून एक उंदीर कसा होणार? मॅकॅरिसनच्या प्रयोगानं आहाराचा परिणाम डोळ्यांसमोर ठेवला, हे खरंच. पण सरासरीचा उंदीर माझ्या आजीच्या ताटात काय कमी होतं ते सांगू शकत नाही.

सगळ्यांना एकच उपाय हा मोहही तेव्हाचाच आहे, आणि तो आमच्याच भागात होता. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः रोज सूर्यनमस्कार घालत. संस्थानातल्या शाळांत त्यांनी ते सक्तीचे केले, त्यावर पुस्तकं लिहिली. त्यांच्याच संस्थानात वसलेल्या किर्लोस्करवाडीहून निघणाऱ्या 'किर्लोस्कर' मासिकातून हा प्रचार महाराष्ट्रभर गेला. राजापासून शाळकरी पोरापर्यंत सगळ्यांना एकच व्यायाम. तो फुकट होता आणि त्यानं कुणाचं फारसं बिघडत नव्हतं. मल्टिव्हिटामिनची गोळी ही त्याच स्वप्नाची विकत मिळणारी आवृत्ती वाटते मला.

मुंबईतला मार्माइट

माझे पणजोबा मुंबईच्या गिरणीत होते. त्या काळी सातारा जिल्ह्यातली कितीतरी घरं गिरणीच्या मनिऑर्डरवर चालायची. त्यामुळं पुढची गोष्ट गिरणगावाच्या मुंबईत घडली हे वाचून मी सरसावून बसले.

१९२८ साली ल्यूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. शहरातल्या गरीब गरोदर बायकांना एक विचित्र ॲनिमिया व्हायचा. रक्तातल्या लाल पेशी संख्येनं घटायच्या आणि आकारानं फुगायच्या. त्यात बायका दगावायच्या. विल्सनं या बायका काय खातात ते बघितलं. ज्यांच्या जेवणात दूध, फळं, भाजी नावालाच होती, त्यांच्यात हा आजार जास्त होता. मग तिनं कुन्नूरला जाऊन उंदरांवर प्रयोग केले, माकडांवर केले. शेवटी मुंबईच्या रुग्ण बायकांना तिनं मार्माइट दिलं. दारू गाळताना उरलेल्या यीस्टपासून बनवलेला तो काळा, खारट, स्वस्त पदार्थ इंग्लंडमध्ये पावाला लावून खातात. बायका झपाट्यानं सुधारल्या. १९३१ साली तिनं हे प्रसिद्ध केलं.

मार्माइटमध्ये नेमकं काय होतं, ते कुणालाच माहीत नव्हतं. म्हणून त्याला बरीच वर्षं 'विल्स फॅक्टर' म्हणत. १९४१ साली अमेरिकेत चार टन पालक गाळून त्यातून एक द्रव्य वेगळं केलं गेलं. 'फोलियम' म्हणजे लॅटिनमध्ये पान, म्हणून त्याचं नाव फोलिक ॲसिड. चार वर्षांनी ते प्रयोगशाळेत तयार करणाऱ्या चमूचे प्रमुख होते भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. मुंबईच्या बायकांना बरं करणारं ते हेच होतं.

विल्सच्या कामातली एक बारीक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ॲनिमियावर तेव्हा यकृताचा अर्क देत. काही रुग्ण त्यानं बरे व्हायचे. पण विल्सच्या बायकांना ओबडधोबड अर्क लागू पडायचा आणि शुद्ध केलेला पडायचा नाही. याचा अर्थ, सूक्ष्मदर्शकाखाली सारख्या दिसणाऱ्या दोन ॲनिमियांमागं दोन वेगळ्या कमतरता होत्या. दुसरीचं नाव १९४८ साली कळलं. लाल स्फटिकांच्या रूपात सापडलेलं ते द्रव्य म्हणजे बी-१२.

या दोघांचं नातं फसवं आहे. फोलिक ॲसिड बाजारात आल्यावर डॉक्टरांनी ते बी-१२ कमी असलेल्या रुग्णांनाही देऊन बघितलं. त्यांचं रक्त सुधारलं, गालावर लाली आली. पण हातापायांचा बधिरपणा चालूच राहिला, काहींचा तर वाढला. रक्ताचा रिपोर्ट चांगला आणि नसा आतून झिजतायत, असा तो प्रकार. बी-१२ कुठलीच वनस्पती बनवत नाही. ते सूक्ष्मजीव बनवतात आणि दूध, अंडी, मांस यांतून ते आपल्यापर्यंत येतं. यकृतात त्याचा साठा काही वर्षं पुरतो, म्हणून कमतरता उशिरा आणि हळूहळू दिसते. आईच्या तळपायांत ती दिसली तोवर मेटफॉर्मिन सुरू होऊन दहा वर्षं उलटली होती.

आजीचा मिलो

हे सगळं मी आजीला सांगितलं तेव्हा ती हसली. "आमच्या येळंला गोळी कुठली? पोटाला मिळालं तरी लई झालं."

तिची येळ म्हणजे १९७२. पावसानं पाठ फिरवली होती. माण, खटाव, आटपाडी, जत, सगळीकडे विहिरी कोरड्या. आजी तेव्हा चोवीस वर्षांची, पदरात दोन वर्षांची माझी आई. पाझर तलावाच्या कामावर ती खडी फोडायची आणि आई जवळच फडक्याच्या झोळीत असायची. १९७३च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात अशा दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. रेशनवर अमेरिकेहून आलेली लाल ज्वारी मिळायची, तिला सगळे मिलो म्हणत. कामावर सुकडी वाटायचे. "त्या मिलोच्या भाकरीला चव न्हवती," आजी म्हणते, "पर सुकडी ग्वाड लागायची. तुझ्या आईला तीच चारली म्या."

तेव्हा नेमकं काय कमी आहे, हे कुणाला विचारावं लागत नव्हतं. काम नव्हतं, म्हणून मजुरी नव्हती, म्हणून भाकरी नव्हती. त्याला उत्तर म्हणून जी योजना उभी राहिली, त्या रोजगार हमीची कल्पना वि. स. पागे यांची. तिचा सुरुवातीचा प्रयोग आमच्याच सांगली जिल्ह्यात, तासगाव तालुक्यात झाला होता. १९७७ साली तिचा कायदा झाला. आमच्या भागाच्या पोषणाचा इतिहास लिहायचा झाला तर मी त्यात गोळ्यांच्या आधी हा कायदा घेईन.

पोट भरलं म्हणजे सगळं भरलं असं मात्र नाही. मी शाळेत असताना दर सोमवारी लोहाची निळी गोळी मिळायची. पोटात दुखतं म्हणून निम्म्या मुली ती खिडकीतून टाकायच्या. मीही टाकली आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना ॲनिमिया आढळला, म्हणजे त्या गोळीमागचा प्रश्न खोटा नव्हता. उत्तर आम्ही फेकून देत होतो.

आजीच्या बाजरीनंही त्याचं एक उत्तर दिलं आहे. २०१२ साली महाराष्ट्रात 'धनशक्ती' नावाचं बाजरीचं वाण आलं. निवड पद्धतीनं त्यातलं लोह वाढवलेलं आहे. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात १२ ते १६ वयाच्या २४६ मुलामुलींना सहा महिने भाकरी देऊन अशा जास्त लोहाच्या बाजरीची चाचणी झाली. सुरुवातीला ज्यांच्यात लोह कमी होतं, त्यांची कमतरता साध्या बाजरीपेक्षा या बाजरीनं जास्त प्रमाणात भरून निघाली. त्यांना गोळी द्यावी लागली नाही. पण आधी कुणीतरी रक्त तपासून लोह मोजलं होतं.

पुण्याजवळची सहा गावं

सगळ्यात जास्त वेळ मी ज्यावर थांबले, ते संशोधन पुण्याचं आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि केईएम रुग्णालयातल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. पुढे जन्मलेल्या मुलांनाही ते वर्षानुवर्षं तपासत राहिले. त्या आयांपैकी ६० टक्क्यांहून जास्त जणींमध्ये बी-१२ कमी होतं. फोलेटची कमतरता मात्र क्वचितच होती. मुलं सहा वर्षांची झाल्यावर असं दिसलं, की ज्या आयांचं बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांमध्ये इन्शुलिनला विरोध सगळ्यात जास्त होता. मधुमेहाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे पहिलं वळण. २००८ साली हे प्रसिद्ध झालं.

हे निरीक्षण आहे. अमुकमुळं तमुक झालंच, असं एवढ्यावरून म्हणता येत नाही. म्हणून त्याच चमूनं पुढे त्या मुलांना, ती वयात आल्यावर, बी-१२ देऊन पाहण्याची चाचणी हाती घेतली. पण मला त्या निरीक्षणात आमचं घर दिसलं. माळकरी आई. गाई-म्हशी होत्या तेव्हा आजीच्या घरातलं दूध डेअरीला जायचं आणि पोरांच्या वाट्याला ताक यायचं. आईला मधुमेह. आणि आता लग्नाला उभी राहिलेली मी.

विल्सच्या मुंबईत कमी होतं ते फोलेट. साठ वर्षांनी, दीडशे किलोमीटरवर कमी होतं ते बी-१२. दोन्हीकडच्या बायका गरोदर, दोन्हीकडच्या महाराष्ट्रातल्या. एकीला जे तारून गेलं, तेच दुसरीला अपुरं.

सगळं एका गोळीत

मग सगळंच एका गोळीत घातलं तर काय बिघडलं? हाही प्रश्न लोकांनी मोजून पाहिला आहे.

बाळाच्या पाठीचा कणा गर्भात नीट न जुळण्याचा एक गंभीर दोष असतो. असं बाळ आधी झालेल्या १८१७ बायकांवर सात देशांत चाचणी झाली. काहींना फक्त फोलिक ॲसिड, काहींना बाकीची जीवनसत्त्वं, काहींना दोन्ही, काहींना काहीच नाही. १९९१ साली निकाल आला. फोलिक ॲसिडनं दोष पुन्हा होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं. बाकीच्या जीवनसत्त्वांनी काही लक्षणीय फरक पडला नाही. गर्दीत काम एकटंच कुणीतरी करत होतं.

फिनलंडमध्ये २९ हजारांवर धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना कर्करोग टळावा म्हणून बीटा-कॅरोटिन दिलं गेलं. गाजराला रंग देणारं ते हे द्रव्य. १९९४ साली कळलं, की ते घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त झाला. २०१२ साली अमेरिकेतल्या साडेचौदा हजार पुरुष डॉक्टरांच्या चाचणीत रोजच्या मल्टिव्हिटामिननं कर्करोगाचं एकूण प्रमाण ८ टक्क्यांनी कमी दिसलं, हृदयविकारावर मात्र काहीच परिणाम नाही. आणि २०२४ साली ३ लाख ९० हजार निरोगी अमेरिकन माणसांच्या वीस वर्षांच्या नोंदी तपासल्या, तर रोज गोळी घेणारे जास्त जगले असं दिसलं नाही.

म्हणजे चांगलं खाणाऱ्या निरोगी माणसाला ही गोळी फारसं काही देत नाही आणि बहुधा काही बिघडवतही नाही. ज्याच्यात खरोखर काही कमी आहे, त्याला तिच्यातला डोस पुरेलच असं नाही. त्याला गोळी चालू असल्याचा दिलासा तेवढा मिळतो. आमच्या घरात त्या दिलाशाची किंमत दोन बोटं आहेत.

वैशाखाआधी

मी रक्त तपासून घेतलं. हिमोग्लोबिन १०.८, बी-१२ कमी, पण आईइतकं नाही. कऱ्हाडला कॉलेजात असताना खाल्लेली ऑम्लेटं उपयोगी पडली असावीत. आईला मी अजून त्याबद्दल सांगितलेलं नाही. डॉक्टरांनी बी-१२ वेगळं लिहून दिलं, लोह वेगळं. मूल हवं असं ठरेल त्याच्या आधीपासून फोलिक ॲसिड घ्यायचं, बी-१२ जागेवर आलंय हे बघून. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी.

मल्टिव्हिटामिन मी घेणार नाही. त्यात कुणाला नावं ठेवायची नाहीत. जेवण जात नसलेली म्हातारी माणसं, आतड्याचं ऑपरेशन झालेले, नुसत्या खानावळीवर जगणारे असे कितीतरी जण असतील ज्यांना डॉक्टर ती विचारपूर्वक देतात. माझ्या हातात ती विचारपूर्वक आली नव्हती. ती काळजीपोटी आली होती. तुमच्याही घरात अशी बाटली असेल तर ती फेकायची घाई करू नका. ती कुणी, कशासाठी आणली ते आधी विचारा, आणि जो ती घेतो त्याला पायांना मुंग्या येतात का, तेही.

आईला रिपोर्ट दाखवला. तिनं बी-१२च्या ओळीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तुला कमी पडलं ते माझ्यामुळंच ना गं?"

मी म्हटलं, "तुला तरी कुठं कुणी सांगितलं होतं?"

दुसऱ्या दिवसापासून ती माझ्या ताटाशेजारी दुधाचा पेला ठेवते. काठोकाठ. साय काढलेलीसुद्धा नसते.